मिरचीची रोपं घरात दरवर्षी लांबतात, मान टाकतात? आधी उजेड मोजा

डिसेंबर लागला की हाच प्रश्न. बी चांगलं उगवलं, आठ दिवसात रोपं बोटभर झाली, आपण खुश, आणि पंधराव्या दिवशी बघावं तर सगळी खिडकीकडं वाकलेली, खोड दोऱ्यासारखं, पानं दोनच आणि तीही फिक्की. मग कुणी म्हणतं बी बोगस, कुणी म्हणतं १९:१९:१९ खत टाक, कुणी म्हणतं पाणी वाढव, आणि पाणी वाढवलं की मर (खोड तळाशी सडायचा रोग) लागून उरलेली पण आडवी. माझे सलग तीन हिवाळे असेच गेले. परभणीत भाड्याचं घर, पहिला मजला, गच्चीची चावी घरमालकाकडं, आणि उजेडाला म्हणून पूर्वेची एक खिडकी जिच्यासमोर दुसरी बिल्डिंग. चौथ्या वर्षी रोपं नीट झाली तेव्हा बी तेच होतं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तेच होतं, ट्रे पण तेच, बदलला तो फक्त उजेड. म्हणून हे सगळं सविस्तर लिहायले.

तिसऱ्या वर्षी अक्का आणि दाजी आले होते. अक्काचं सासर भोकरदन तालुक्यातलं, त्यांची हिरवी मिरची पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराला जाते, त्यामुळं रोप हातात घेतलं की दाजींना कळतं. त्यांनी ट्रेमधलं एक रोप गड्ड्यासकट उपसलं, तळहातावर आडवं ठेवलं आणि कोकोपीटपासून पहिल्या दोन पानापर्यंत बोटं लावून बघितली. चार बोटं भरली. म्हणले, "हे दीड-दोन बोटं पाहिजे. बी वाईट नाही, खतबी कमी नाही. सावलीतलं रोप हाय हे, उजेड हुडकायलंय." मी म्हणलं दाजी वर ट्यूब आहे की, सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच असते. त्यांनी वर बघितलं, ट्यूब भिंतीला सात फुटावर, ट्रे खाली फरशीवर. "ती तुला पेपर वाचाय पुरती हाय, रोपाला नाही."

तेवढ्या एका वाक्यात सगळं निदान होतं, पण मला आकड्यात पटायला अजून महिना लागला.

तर आधी रोप वाचायला शिका, ते स्वतःच सांगतं चूक कधी झाली ते. माती ते पहिली दोन पानं (बीजपत्रं, लांबट टोकदार असतात ती) एवढाच भाग लांब असेल आणि त्याच्या वरची पेरं (दोन पानांमधला खोडाचा तुकडा) आखूड असतील तर चूक उगवतानाची आहे, म्हणजे नाक (कोंबाचं टोक) वर आलं तेव्हा ट्रे अंधारात होता. हे सगळ्यात जास्त होतं, कारण मिरचीला उगवायला उजेड लागत नाही, ऊब लागते, २५ ते ३० अंश, म्हणून आपण ट्रे झाकून फ्रिजवर नाहीतर स्वयंपाकघरात उबेला ठेवतो आणि एका रात्रीत पाच-सहा बिया उगवल्या तरी "बाकीच्या येऊ द्या मग काढू" म्हणतो. दोन दिवसात पहिली पाच-सहा गेली. पहिलं नाक दिसलं की त्याच दिवशी ट्रे लाईटखाली, बाकीच्या बिया लाईटखाली पण उगवतात, त्यांना उजेडाची अडचण नसते. ऊब मात्र राहिली पाहिजे, परभणीत काही हिवाळ्यात पारा ५ अंशाच्या खाली जातो, अशा रात्री ट्रे फरशीवर ठेवू नका, पाटावर नाहीतर थर्माकोलवर ठेवा.

आता उलटं, खालचा भाग ठीक आहे पण वरची पेरं लांब लांब पडायलेत, तर सुरुवातीला उजेड होता, नंतर कमी पडला. एक तर रोपं दाट झाली आणि एकमेकांवर सावली करायलेत, नाहीतर लाईट मुळात कमी ताकदीची आहे, पहिल्या दोन पानांना पुरली, आठ पानांना पुरेना. आणि सगळं रोप एकाच बाजूला झुकलंय, तर वरच्या लाईटपेक्षा खिडकीचा उजेड जास्त आहे, म्हणजे तुमची ग्रो लाईट (झाडांसाठी म्हणून विकतात ती) नावालाच आहे. ही एक फार सोपी परीक्षा आहे, लाईट लावून दोन दिवसानी रोपं सरळ वर बघायलेत का खिडकीकडं, एवढंच बघायचं.

मग मोजायचं. मोबाईलमध्ये लक्स (उजेडाचं माप) मोजायचं फुकट ॲप टाका, मोबाईल रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर आडवा ठेवा, स्क्रीन लाईटकडं करून, सेन्सर बहुतेक पुढच्या कॅमेऱ्याजवळच असतो. आकडा शंभर टक्के बरोबर येत नाही पण अंदाज पक्का येतो. माझ्या खिडकीपासून दोन फुटावर सकाळी दहाला हजार-बाराशे लक्स आले. भिंतीवरच्या ट्यूबचे फरशीवर दीडशे. बाहेर भर दुपारी उन्हात लाखाच्या घरात. आपला डोळा या बाबतीत फसवतो, त्याला दीडशे लक्स पण लख्ख वाटतो कारण बाहुली मोठी होते, झाडाला तसं काही करता येत नाही.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप, त्यात हिरव्याला वजन जास्त. झाडाचं माप वेगळं, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या (निळ्यापासून लालपर्यंतच्या) उजेडाचे सेकंदाला किती कण पडतात ते, त्याला पीपीएफडी म्हणतात आणि मायक्रोमोलमध्ये मोजतात. ते मीटर महाग असतं, पण पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ६७ नी भागलं की जवळपास आकडा येतो (उन्हासाठी ५४ नी, आणि जांभळ्या-गुलाबी लाईटला हा हिशोब अजिबात लावू नका, तिथं लक्स काहीच सांगत नाही). मिरचीच्या रोपाला पहिल्या आठवड्यात १०० ते १५० मायक्रोमोल बास, म्हणजे सात ते दहा हजार लक्स. खरी पानं आली की २०० ते ३००, म्हणजे तेरा हजारापासून वीस हजार लक्सपर्यंत. २०० मायक्रोमोल सोळा तास दिले की दिवसाचा हिशोब साधारण साडेअकरा मोल होतो (दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल), रोप जाड आणि ठेंगणं व्हायला एवढं पुरतं. घरात मिरच्या धरायच्या म्हणाल तर त्याच्या दुप्पट तरी पाहिजे, आणि लाईट बिलाचा विचार केला तर मला ते पटत नाही, फळासाठी आपलं ऊनच.

आता कुठली लाईट घ्यायची, इथं पैसे वाया जातात. मी दुसऱ्या वर्षी ऑनलाईन एक जांभळी लाईट मागवली होती, बॉक्सवर १००० वॅट. घरात सगळं जांभळं, डोळे दुखायचे, आणि पानं हिरवी आहेत का पिवळी तेच दिसायचं नाही, मावा (रस पिणारी बारीक कीड) लागलेला पण त्या उजेडात दिसला नाही, दिवसा ट्रे बाहेर काढला तेव्हा कळलं. खरे वॅट किती ते आपल्या घरच्या मीटरवर कळतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा लिहिलेला असतो, इम्प/केडब्ल्यूएच म्हणून, आमच्या मीटरवर ३२००. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिज, वायफाय आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर पण, तो गुपचूप चार्ज होत असतो. फक्त ती लाईट चालू ठेवून दोन लुकलुकण्यामधले सेकंद मोजायचे. ३६ लाखाला मीटरवरच्या आकड्यानं भागायचं, ३२०० असेल तर ११२५ येतात, आणि त्याला सेकंदानं भागलं की खरे वॅट. मी जिन्यात मोबाईलचं स्टॉपवॉच धरून उभी राहिले, बारा सेकंदाला एकदा लुकलुकायला लागलं. म्हणजे ९४ वॅट. १००० नाही. त्या हजार आकड्याला काही अर्थ नसतो, जुन्या कुठल्यातरी दिव्याच्या बरोबरीचा म्हणून छापतात, तुम्ही फक्त "प्रत्यक्ष किती वॅट खातो" तेवढं विचारा, आणि चांगली कंपनी असेल तर एका वॅटला किती मायक्रोमोल ते पण लिहिते. अडीचच्या वर असेल तर चांगली, काहीच लिहिलं नसेल तर सोडून द्या.

आणि खरं सांगू का, रोपासाठी ग्रो लाईट म्हणून वेगळी घ्यायची गरजच नाही. मी आता वापरते त्या साध्या चार फुटी एलईडी ट्यूब, पट्टीवाल्या, २० वॅटच्या, ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढऱ्या शुभ्र, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतात, जिंतूरला मिळतात तशा धर्माबादला पण मिळतात, आणि खराब झाली तर दुसरी त्याच दिवशी येते. अशा चार ट्यूब एका प्लायच्या पट्टीवर तीन-तीन इंचावर शेजारी शेजारी बसवल्या, पट्टीला दोन्हीकडं साखळी, साखळीचा आकडा कडीत अडकवून वरखाली करता येतं. ९८ कप्प्यांचे दोन ट्रे एकापुढं एक ठेवले की चार फुटात बरोबर बसतात. शेंड्यापासून ट्यूब आठ बोटांवर, म्हणजे पंधरा सेंटीमीटरच्या आत. तिथं मोबाईलवर चौदा हजार आले. तीच पट्टी दोन फुटावर नेली तर चार हजार पण येईनात. म्हणजे पैसे तेवढेच, बिल तेवढंच, फरक फक्त साखळीच्या कड्यांचा. रोप वाढलं की दर दोन-तीन दिवसानी पट्टी एक कडी वर, हे विसरलं की पानं ट्यूबला टेकतात.

चार ट्यूबचे ८० वॅट, सोळा तास, दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास आणि महिन्याला ३८ युनिट. रोपाचे सहा आठवडे धरा. एकच ट्रे असेल तर दोन फुटी पट्ट्या घ्या, निम्म्यात काम.

गोल बल्ब चालतो का असं विचारतात. चालतो, पण ९ वॅटचा बल्ब एका रोपाला, फार तर दोन कुंड्यांना, वर शेड लावून, वीतभर अंतरावर. त्याचा उजेड चहूकडं उधळतो आणि अंतर दुप्पट झालं की चौथाई उरतो. ट्यूब लांब असते म्हणून तिचा उजेड इतक्या झपाट्यानं कमी होत नाही. आणि गावाकडं थंडीत ऊब म्हणून जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब लावतात रोपांवर, तो काढा. त्यात लालच्या पुढचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा उजेड फार असतो, दुसऱ्या झाडाच्या पानाखाली असतो तसा, आणि रोपाला वाटतं आपण मोठ्या झाडाच्या सावलीत आहोत, मग ते अजून पळतं. म्हणूनच ७३० नॅनोमीटरची जास्तीची लाल चिप असलेल्या महागड्या लाईट पण रोपासाठी नकोत. ६५०० केल्विनमध्ये निळा भाग जास्त, त्यानं पेर आखूड राहतं, एवढ्यासाठी ती घ्यायची. ४००० ची घरात पडून असेल तर ती पण वाया नाही, दहा बोटांवरची ६५०० आणि आठ बोटांवरची ४००० यात मी दुसरी घेईन.

बरं, लाईट बरोबर, अंतर बरोबर, तरी दरवर्षी फेब्रुवारीत रोपं बिघडतात, असं एका मैत्रिणीचं होतं, सेलूजवळच्या गावात राहते. तिच्याकडं टायमर होता, काट्याचा, गोल फिरणारा. तो विजेवरच फिरतो, लाईट गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढं. दिवसाला तीन-चार तास भारनियमन म्हणल्यावर आठवड्यात त्याचं घड्याळ पूर्ण एक दिवस मागं पडायचं, कधी सगळा उजेड रात्री, कधी खिडकीचा दिवस आणि ट्यूबची रात्र जोडून झाडाला अंधारच नाही. मिरचीला सतत चोवीस तास उजेड सहन होत नाही, पानं वेडीवाकडी आणि पिवळट होतात, रोज सात-आठ तास अंधार पाहिजेच. बॅटरीवाला डिजिटल टायमर घ्या, त्याचं घड्याळ लाईट गेल्यावर पण चालू राहतं. आणि वेळ अशी ठेवा की संध्याकाळ-रात्र अंधार, पहाटेपासून उजेड, पहाटेच थंडी जास्त असते तेव्हा ट्यूबची थोडी ऊब पण मिळते. सोळा तासातले दोन तास कमी पडले तर काही बिघडत नाही, इन्व्हर्टरवर ट्यूब टाकायची गरज नाही. व्होल्टेज फार वरखाली होत असेल तर मात्र ट्यूबमधला ड्रायव्हर (वीज पुरवणारं आतलं सर्किट) उडतो, त्याला स्पाईक गार्ड पुरत नाही, स्टॅबिलायझर लागतो.

छोटा टेबल फॅन दिवसातून दोन-तीन तास, पानं नुसती हलतील एवढाच. फॅन नसेल तर सकाळ-संध्याकाळ शेंड्यांवरून हळू हात फिरवा, वीसेक वेळा. खोड जाड होतं, खरंच होतं, मी अर्ध्या ट्रेवर करून बघितलंय.

जास्त उजेड झाला तर काय दिसतं, हे पण सांगते, कारण लोक घाबरून लगेच ट्यूब वर नेतात. ट्यूबच्या सगळ्यात जवळची पानं पांढरट पडली आणि कडा वर वळून पान वाटीसारखं झालं तर जास्त झाला. पेराजवळ जांभळी छटा आली तर घाबरू नका, बऱ्याच जातींना चांगल्या उजेडात येतेच. पण नवीन शेंडा बारीक, चामड्यासारखा, पानं खाली वळलेली असतील तर ती लाईटची भानगड नाही, पान उलटं करून भिंगातून बघा, कोळी नावाची बारीक कीड असते. आणि पानाखाली बारीक फोड आले तर पाणी कमी करा, घरात पाणी उडून जात नाही आणि झाड फुगतं.

लांबलेल्या रोपांचं काय करायचं? थोडीशी लांबली असतील तर बीजपत्रांच्या खालपर्यंत भर द्या, काडीचा आधार द्या आणि लाईट जवळ आणा. टोमॅटोसारखी मिरचीच्या खोडाला सहज मुळं फुटत नाहीत, म्हणून गळ्यापर्यंत गाडू नका, सडतं. चार बोटं गेलेली असतील तर मी पुन्हा पेरते, पंधरा दिवस गेले तरी परवडतं.

आणि ज्यांच्याकडं गच्ची आहे त्यांनी यातलं काहीच विकत घेऊ नका, मनापासून सांगते. आपल्याकडं डिसेंबरात पण दिवस अकरा तासाचा असतो आणि ऊन भरपूर. दिवसा ट्रे गच्चीवर बारीक जाळीत, पांढरी माशी आत शिरणार नाही अशा, आणि रात्री घरात. दक्षिणेची खिडकी असेल तरी हिवाळ्यात चालतं, डिसेंबरात भर दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, जेमतेम ४७ अंशावर, ऊन थेट आत येतं. पण तीच खिडकी जूनला फसवते, कारण साधारण मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडं दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, खिडकीत ऊन शिरतच नाही. जानेवारीची रोपं झकास, खरिपाची लांबलेली, खिडकी तीच, आणि शिव्या बियाला.

आता जुनं झाड हिवाळ्यात सांभाळायचं. आपल्याकडं बर्फ पडत नाही, मिरची मरत नाही, मग आत कशाला आणायची? ज्वाला, तेजा असल्या साध्या जातींसाठी आणूच नका. पण हबानेरो, भूत जोलोकिया असल्या जातींना बियापासून फळापर्यंत फार वेळ लागतो, जानेवारीत पेरलं तर फूल येईपर्यंत ऊन पस्तिशीच्या वर जातं आणि फुलं गळून जातात. थंडीत रात्री पंधराच्या खाली गेलं तरी फूल टिकत नाही. मधे सापडतो तो फेब्रुवारी-मार्च, आणि तेवढ्या दिवसात फळ धरायचं तर जाड मुळाचं तयार झाडच पाहिजे. माझी एक हबानेरो आता तिसरा हिवाळा काढायली.

इथं लोक चूक करतात ती उलटी. रोपाच्या लाईटखालीच झाड ठेवतात, सोळा तास, गरम खोली, खत चालू. झाड झोपतही नाही आणि नीट जागंही होत नाही, लांब फिक्के फुटवे आणि त्यावर मावा. मी नोव्हेंबरअखेर सगळं झाड छाटते, खोडाला दोन फांद्या वीतभर राहतील एवढंच, सगळी पानं काढते, खोड पाण्याच्या धारेनं धुते, कुंडीतली कडेची मुळं कापून नवीन मातीत लावते. पानं चुरडलेली, आखडलेली, बोकड्या (पानं आखडायचा रोग) आलेलं झाड असेल तर ते ठेवायचंच नाही, कितीही जीव असला तरी, कारण पांढऱ्या माशीनं तोच रोग शेजारच्या रोपात जातो. मग गार खोली, सोळा ते अठरा अंश, एक २० वॅटची ट्यूब फूटभर वर, बारा तास, पाणी आठ-दहा दिवसातून कपभर, खत बंद. खोली जेवढी गरम तेवढा उजेड जास्त लागतो, गार खोलीत थोडक्यात भागतं. मोबाईलवर तीन-चार हजार लक्स आले तरी बास.

जानेवारी संपता संपता खोडावर डोळे फुगतात, हिरवे, मोहरीएवढे. ते दिसले की ट्यूब वाढवायच्या, आठ बोटांवर आणायच्या, तास सोळा करायचे आणि पाणी हळूहळू वाढवायचं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर, पण एकदम नाही, पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज तास-दीड तास वाढवत आठ-दहा दिवस. रोपांना पण हेच. घरातल्या चौदा हजार लक्सवरचं पान एकदम गच्चीच्या लाखभर लक्समध्ये नेलं की दुपारपर्यंत पांढरं पडतं, कागदासारखं, आणि ते पान परत हिरवं होत नाही. माझ्या पहिल्या चांगल्या बॅचची चाळीस रोपं अशी भाजली होती, शेंडे जिवंत होते म्हणून तगली, फुलाला वीस दिवस उशीर झाला.

घरमालकानी आता गच्चीची चावी दिलीय, सकाळी आठ ते अकरा.